नाताळचा चुना

२९ नोव्हेंबर २००८, विनिपेग

पोचले बाई एकदाची! बाहेर उणे वीस, पण माझी बेसमेंटची खोली छान उबदार आहे. वर घरमालक रविकांतकाका एकटेच राहतात. मूळचे पुण्याचे, रिटायर्ड इंजिनियर. हे घर स्वतः उभं राहून बांधून घेतलंय, असं दारातच सांगितलं आणि मग चहा दिला. सोमवारपासून नर्सिंग होममध्ये ड्युटी. नगरला फोन केला, तर आईने फोनवरच प्रार्थना केली.

६ डिसेंबर

चुन्याशिवाय कसला आलाय नाताळ! आमच्या मिशन कंपाउंडात डिसेंबर लागला की घरोघरी भिंती पांढऱ्या होतात. इथे पलंगामागची भिंत फुगलेली, ओलसर, काळे डाग पडलेली. गराजमध्ये चुन्याचं पोतं सापडलं. ओढणी खोचून दुपारभर चांगले तीन हात दिले. काका भलतेच खूश! हे आपल्याला कसं सुचलं नाही, म्हणाले.

१४ जानेवारी २००९

घरं तपासणारा इन्स्पेक्टर आला. आधीच्या भाडेकरूची तक्रार होती म्हणे. काका माझ्या तोंडाकडे बघत उभे. या थंडीत दुसरी खोली कुठे शोधू? इन्स्पेक्टरने ओल आहे का विचारलं. मी म्हटलं, छे, एकदम ड्राय. पांढऱ्या भिंतीकडे बघून तो गेला.

८ फेब्रुवारी

ग्रोसरी घेताना मराठी कानावर आलं म्हणून वळले. स्वप्नाली नाव. मी पत्ता सांगितला तर तिचा चेहराच उतरला. तक्रार तिचीच. याच खोलीत तिची ईशिता खोकून खोकून गेली, दीड वर्षाची. डॉक्टरांनी भिंतीतल्या बुरशीचं नाव घेतलं. ही काकांच्या पाया पडायची आणि ते म्हणायचे, सगळं ठीक आहे, तूच वहमी आहेस. ताई, तुम्ही तरी इन्स्पेक्टरला खरं सांगा, म्हणाली. मी हो म्हटलं.

त्या म्हाताऱ्याचं वाटोळं होवो! रक्त नुसतं उकळतंय माझं.

१ मार्च

अजून सांगितलं नाही. खोली गेली तर?

आज उपासनेत यहेज्केल संदेष्ट्याचं वचन होतं. कच्ची भिंत उभारतात, वरून चुना देतात, शांती नसताना शांती आहे म्हणतात. मग देव पाऊस धाडतो, गारा धाडतो, आणि भिंत जमीनदोस्त. अंगावर काटा आला. हे तर काकांचंच! मी कशाला तोंड उघडू, देव आहे ना बघायला. घरी येऊन गुडघे टेकले. प्रभू, सोडू नकोस त्याला.

भिंतीमागे कुणीतरी खोकलं. बारीक.

४ एप्रिल

काका मेले. गराजमध्ये. तोंडात चुना गच्च भरलेला, मीच पाहिला. रडू नाही आलं. बरं झालं मेला! स्वप्नालीला फोन करून सांगितलं, पोरीचा न्याय झाला गं. तिने मग एवढंच विचारलं, तुम्ही खरं सांगितलंत का? मी फोन ठेवला.

९ एप्रिल

भिंतीमागचा खोकला थांबत नाही. आता तरी थांबायला हवा होता ना? भिंत फुगून पलंगाला टेकलीय—

११ एप्रिल

वचन पुन्हा काढून वाचलं. पुढचं त्या दिवशी रागाच्या भरात ऐकलंच नव्हतं. देवाचा कोप भिंतीवर, आणि चुना देणाऱ्यांवर— बांधणारा नव्हे— चुना देणारे—

चुना मी दिला. ड्राय मी म्हटलं.

१२ एप्रिल, ईस्टर

सकाळीच अंधारलं. गारा. दार फुगून बसलंय, हलत नाही. स्वप्नालीला फोन लावला, सांगते गं इन्स्पेक्टरला, आत्ता सांगते— ती म्हणाली, आज सुट्टी असते, ताई. ठेवला तिने.

उलथन्याने खरवडतेय— चुन्याखाली इवल्या हातांचे ठसे— आतून— प्रभू, सगळा काढते, एक कण ठेवत नाही—

जिभेवर काहीतरी पांढरं— बोलता येत नाही— म्हणून लिहितेय— भिंत ओली आहे— पहिल्यापासून ओली होती— ओली आ