सुजाताची सीडी आणि माझी कवळी

२ डिसें. २००९
लेकीची सीडी कुरिअरने आली. वर सुजाताचा फोटो, गळ्यात अल्टो सॅक्सोफोन. भरे गावच्या बँडवाल्याची पोर, जाझ वाजवते. हिने, सुजाताच्या आईने, आधी बुद्धमूर्तीपुढे ठेवली, मग माझ्या हातात दिली.
दुपारी बँडच्या गाडीवरच्या कर्ण्यावर लावली. सगळी पोरं जमली. दोन मिनिटांत रमेश म्हणाला, मास्तर, सीडी अडकतीय. मलाही तेच वाटलं. पुसून परत लावली. परत तेच. सूर धरते न धरते तोच सोडून पळते. बंद केली.

३ डिसें.
सु.ला फोन. म्हटलं, सीडी खराब आहे, बदलून घे. हसत सुटली. तशीच वाजवलीय म्हणे. पहिला सूर मी शिकवला तिला, आणि मलाच कळेना. लई लाजलो. म्हणाली, घाई करू नका, एकेक गाणं ऐका.

५ डिसें.
लवळ्याचं लग्न. दोन तास वरात, दोन तास नुसती बोटं फिरवली. कवळी बसवल्यापासून फुंकर धरतच नाही, तीन सीझन झाले. शेजारी रमेश वाजवतो, लोकांना वाटतं दोन सॅक्स. बँडमध्ये संख्या दिसावी म्हणून डमी उभे करतातच. पण मास्तरच डमी, हे कुणाला माहीत नाही. हिलाही नाही.

७ डिसें.
हादरलो. चौथं गाणं. आधी काहीच ऐकू येईना, आवाज वाढवला. टक टक. टकटक टक. सॅक्सची बटणं. फुंकर नाहीच. मागे ड्रम, अगदी हळू. चाल माझी, नवरी निघताना वाजवतो ती. गाण्याचं नाव बघितलं. ‘आबा’.
पोटच्या पोरीने चव्हाट्यावर आणलं. जेवलो नाही. हिला सांगितलं, पित्त झालंय.

८ डिसें.
सु.ला फोन केला. कधी कळलं, विचारलं. दोन वर्षांपूर्वी, म्हणाली, एका वरातीत शेजारून चालताना.
“तुमचा गाल फुगत नव्हता, आबा. पर बोटं एकदा बी चुकली न्हाईत.”
माझी अब्रू घालवलीस, म्हणालो. ती म्हणाली, रविवारी पुण्यात कार्यक्रम आहे, ते गाणं तुमी वाजवा, माइक बटणांजवळ लावू.
फोन ठेवून दिला. मी असं करायला नको होतं.

११ डिसें.
रविवारी नांद्याच्या वरातीची सुपारी. रमेशला म्हटलं, कदाचित मी नसेन. का, म्हणाला. सु.कडे वाजवायला बोलावलंय, असं तोंडातून गेलं. तो सॅक्स पुसत होता. मान वर केली नाही.
“जावा मास्तर. आमाला ठावं हाय समद्यांना. तीन सीझन तुमची बोटं बघूनच वाजवतोय मी.”
मीही माझा अल्टो पुसायला घेतला.

१३ डिसें., रविवार
सूट घातला. बँडची गाडी दारात उभी आहे, नांद्याला निघालेली. पुण्याची एस.टी. पण याच वेळेला. ही विचारतेय, कुणीकडं? अल्टो गळ्यात आहे, आणि अजून मला ठरवता आलेलं नाही.