एका झाडाची चार ताटं

पुरानी बस्ती, रायपूर

आदरणीय व्याही दयारामजी यांना हरिदासचा मनापासून जय भीम.

तुमच्या गुडघ्याचं कसं काय? नाशिकची थंडी त्याले सोसत नसेल तर एरंडाचं पान गरम करून बांधा, डॉक्टरले सांगू नका. इकडे सारे ठीक. तुमची भावना माझं पथ्य इतकं सांभाळते, की मले ते लपूनच मोडावं लागते.

पत्रास कारण, आमच्या आंगणातलं झाड. (कोणतं ते विचारू नका, घोटाळा तिथंच आहे.) मी आर्वीचा, मी त्याले जांब म्हणतो. भावना पेरू म्हणते. आमच्या कमलाने चाळीस वर्षं पाऱ्यातल्या, म्हणजे इथल्या मोहल्ल्यातल्या, बायांत काढली, ती बिही म्हणते. अन् तुमचा जावई यशदीप, मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देणारा पोट्टा, त्याचं अमरूद. नावं चार, पण खाताना कोणी नावाचा वाद काढत नाही. फळ असं, की आमच्याकडे फोडावं अन् शेजाऱ्याने चहा खाली ठेवावा. आतून गुलाबी, अन् बी दातात अडकली तरी तिचा राग येत नाही.

हे झाड यशदीपले तोडायचं होतं. गाडी येणार, तर तिले जागा पाहिजे. मी म्हटलं, काहून तोडतो बापा, त्यानं तुझं काय खाल्लं? तर म्हणे, "बाबूजी, पेड़ पे बैठ के ऑफिस जाऊँ क्या?" शेवटी ठरलं, समाजभवनातल्या फळांच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला तर झाड राहील, नाही तर कुऱ्हाड.

मी पहाटेच शिडी लावली (वय एकाहत्तर, कमलाले सांगितलं, शिडी मजबूत आहे का ते पाहून राहिलो). पाच फळं ताटात मांडली, कार्डावर 'जांब' लिहिलं. कार्डावर फक्त फळाचं नाव अन् नंबर. मालकाचं नाव चिटणीसांच्या वहीत. चिटणीस मोठे शिस्तीचे. चार नावं दिसली म्हणून त्यांनी चार रांगा केल्या, अन् प्रत्येक रांगेत एकच ताट. माझ्या रांगेत मी एकटाच, म्हणजे पहिला. मी तर खूश.

परीक्षक होत्या भीमाबाई. गोल बाजारात टोपलं घेऊन बसण्यात त्यांचा जन्म गेला, शाळेचं तोंड पाहिलं नाही. त्यांनी चारी ताटांतून एकेक फळ उचललं, नाकाशी धरलं, डोळे मिटले, चारी फोडून चाखली. मग म्हणाल्या, "चारों एके रुख के आय. अउ ओकर जरी मा चूल्हा के राख परथे." (म्हणजे चारी एकाच झाडाची, अन् त्याच्या मुळाशी चुलीची राख पडते.)

दयारामजी, आमच्या न्हाणीच्या चुलीची राख कमला रोज त्याच झाडाच्या मुळाशी टाकते. मी रेल्वेत पस्तीस वर्षं हातोडीच्या आवाजावरून चाकातली चीर ओळखली, त्याचा मले मोठा गर्व होता. त्या बाईपुढे तो टोपीसंगं खाली ठेवला.

एका झाडाचं एकच ताट, असा नियम. चारी बाद झाली, पहिला नंबर पपईले गेला. पण चिटणीसांनी वही उघडून नावं मोठ्याने वाचली. जांब, हरिदास. बिही, कमला. पेरू, भावना. (तिघंही एकमेकांपासून लपून, झाड वाचवायले.) अमरूद, यशदीप.

तो भिंतीवरचं कॅलेंडर पाहत उभा होता. संध्याकाळी त्याने मागून आणलेली कुऱ्हाड ज्याची त्याले नेऊन दिली.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
हरिदास

ता.क. तुमची जुनी गाडी तुम्ही मोठ्या मायेने जावयाले देऊन राहिले, ती कृपा करून तिकडेच ठेवा. गुडघ्याले कामी येईल.

आणखी ता.क. यशदीप फोनवर म्हणेल, "भेज दीजिए." ऐकू नका. त्याच्या ताटातलं कार्ड माझ्या खिशात आहे. वर लिहिलं आहे 'अमरूद', अन् खाली बारीक अक्षरात, चक्क मराठीत, 'आमच्या आंगणातलं'.