चव खाण्यात धरायची का?

४ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. ताई, काल हॉस्पिटलात तुझ्या भावाची शोभा झाली. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी होती. ते खारट औषध मी तांब्यामागून तांब्या ढोसलं, संडासात मुक्कामच ठोकला, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले की पोट साफ नाही, आत काही दिसत नाही, पुन्हा या. वर ती कालची पोर, नर्स, सगळ्यांदेखत विचारते की काका, खरं सांगा, काय काय खाल्लंत! मी ठणकावलं, आदल्या दिवशी अन्नाचा कण खाल्ला असेल तर शपथ. ती नुसती हसली. अख्खा कारखाना माझ्या हातचं जेवतो आणि मी खोटारडा? त्यांची दुर्बीणच धड नसणार. नाचता येईना, अंगण वाकडं!

त्यांनी दिलेला सूचनांचा कागद सोबत धाडतोय. वाच आणि तूच सांग, माझं काय चुकलं. मी तर त्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
टिल्लू

९ जून
चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

शिवण बाजूला सारून कागद वाचला आणि लगेच तुझ्या बायकोला फोन लावला. तपासणीच्या आदल्या दिवशी तू कामावर गेला होतास, हे लिहायला बरं विसरलास! मग कँटीनमधल्या पातेल्यांची चव कुणी बघितली, तुझ्या मिशांनी? ती म्हणाली, वाटाण्याचा रस्सा होता, मक्याचे दाणे घातलेला भात होता, टोमॅटोचं सूप होतं. बिया, साली, दाणे दोन-तीन दिवस आधीपासून बंद, असं कागदावर ठळक छापलंय. आदल्या दिवशी तर गाळलेलं, आरपार दिसेल असं पातळच तेवढं घ्यायचं. तू नेमकं नको तेच चाखत बसलास.

आणि औषध? अर्धं संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे. शहाण्याने सगळं संध्याकाळीच उरकलं, का तर म्हणे झोपमोड होते! अरे, रात्रीतून वरची घाण पुन्हा खाली उतरते. ती धुवायला तो दुसरा अर्धा असतो.

रक्त पडतंय म्हणून पाठवलंय तुला, हौस म्हणून नाही. बाबाही मूळव्याध असेल, मूळव्याध असेल म्हणत राहिले आणि आतड्याच्या कॅन्सरात आपण त्यांना गमावून बसलो. दुसरा बाप आणि दुसरा भाऊ मिळत नसतो. निमूट तारीख घे. रागावलास तरी उत्तर लिही.

तुझी,
ताई

१३ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चव बघणं म्हणजे खाणं? हा कुठला न्याय? चव जिभेनं बघतात, पोटाचा काय संबंध! चवीनं पोट भरत असतं तर मी रोज घरी येऊन जेवतो कशाला? आता एकेका पातेल्याची चव मीठ घालण्याआधी बघावी लागते, घातल्यावर बघावी लागते, वाढण्याआधी बघावी लागते. पातेली किती असतात ते विचारू नकोस.

हे लिहिता लिहिता मीच मनात बेरीज केली आणि ती मला काही आवडली नाही. तारीख घेतली आहे. पण त्या नर्सची माफी मागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. राग असू दे, पण लोभही असू दे.

तुझा,
टिल्लू

२ जुलै
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या वेळी रजा टाकली. आधी मऊ पांढरा भात आणि साल काढलेला बटाटा, मग आदल्या दिवशी नुसतं गाळलेलं सूप आणि सफरचंदाचा गाळीव रस. गजर लावून पहाटेचं औषधही प्यालो. डॉक्टर म्हणाले, आतडं लख्ख आहे. मी ऐटीत नर्सकडे बघितलं.

आत एक छोटी गाठ निघाली. तिथल्या तिथे कापली. अजून बिघडलेली नव्हती, पण तशीच राहिली असती तर बाबांच्या वाटेनं नेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी येऊन मी रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं.

त्यांनी विचारलं, सख्खी भावंडं किती. मी म्हटलं, एक मोठी बहीण. तिची तपासणी झाली का, म्हणाले. विचारून सांगतो, म्हटलं. तू कधी करून घेतेस?

तुझा,
टिल्लू

७ जुलै
चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

जीव भांड्यात पडला रे. आता नीट जप.

माझं म्हणशील तर मला काय धाड भरलीय? शाळेच्या गणवेशांचे दिवस, दोन्ही मशिनी चालू, त्यात ह्यांचे गुडघे. कधीमधी थोडं रक्त दिसतं, ते उष्णतेचं. या वयात चालायचंच. सवड झाली की बघू. तू उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तुझ्या बायकोला आशीर्वाद.

तुझी,
ताई

१० जुलै
ती. ताईस,

आज नमस्कार लिहवत नाही, इतका संतापलोय. उष्णता? मला तो कागद पाठ करायला लावलास, बाबांची आठवण काढून हलवलंस, आणि स्वतःचं रक्त उष्णतेवर ढकलतेस? लोका सांगे ब्रह्मज्ञान! दाजींना फोन केला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, तू ये.

तुझी तारीख मी घेतली आहे. गणवेश थांबतील, पोरं आठवडाभर जुने घालतील. तपासणीच्या तीन दिवस आधी मी येतोय. तुझ्या स्वयंपाकघराचा ताबा माझा, आणि पहाटे पेला घेऊन तुझ्या उशाशी मीच उभा राहणार. तोंड वाकडं केलंस तरी हलणार नाही.

ताई, जन्मभर लोकांना पोटभर वाढत आलो. तुला उपाशी ठेवायला येतोय. दार तेवढं उघड.

तुझा,
टिल्लू