मामांची गाडी आणि न्थेओच्या तीन शेळ्या

मुक्काम क्यूसो, सोमवार

परमपूज्य मामांना भाचा क्यालो याचा कमरेत वाकून, आणि या खेपेला नेहमीपेक्षा चार बोटं जास्तच वाकून नमस्कार.

मोंबासाच्या दमट हवेत तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला? बंदरातला तुमचा साहेब अजून तुमच्याच खुर्चीवर हक्क सांगतो की त्याला वेगळी मिळाली? इकडं सगळे मजेत. आई ठणठणीत आहे (तुमचं नाव निघालं की डोक्याला हात लावते तेवढंच). पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर तुम्ही "गाडी कुठाय?" एवढंच विचारता आणि उत्तर सुरू झालं की ओरडायला लागता. कागदावर ओरडता येत नाही.

गाडी ठीक आहे. आधीपेक्षाही ठीक आहे. मधे थोडे दिवस नव्हती, ते सांगतो.

"दर रविवारी दहा मिनिटं सुरू ठेव, अंगणाबाहेर काढू नकोस," असं तुम्ही जाताना बजावलं होतं. मी ते अक्षरशः पाळलं, तीन रविवार. पण मामा, न्थेओच्या, म्हणजे सोयरिकीच्या, तीन शेळ्या मुलीच्या बापाच्या अंगणात उतरल्याशिवाय मुलगी आपली म्हणता येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं? आणि मुंबुआ तर तुम्हाला आठवत असेलच. नाताळात मध घेऊन आली होती, तुम्ही "मध पातळ आहे" म्हणालात आणि तिनं "मामा, चमचा मोठा घ्या" म्हणून तुम्हाला गप्प केलं होतं, तीच. तिच्या बापानं, म्हाताऱ्या मुथुईनं, मला शनिवार दिला होता. शनिवारी दुपारच्या आत शेळ्या आल्या तर ठीक, नाहीतर पुढच्या शनिवारी किथेका गुरुजी आपल्या तीन घेऊन तयारच होता. (किथेका म्हणजे तो, जो वर्गात झोपतो आणि मुलांना शांत बसायचे गुण देतो.)

आता मुथुईच्या घरी जायचं म्हणजे कोरडी नदी ओलांडायची. नदीत पाणी नाही, पण धोंडे असे की तुमच्या गाडीचं पोट पहिल्याच धोंड्यावर टेकलं असतं. शेळ्या चालत नेल्या असत्या तर पोचेपर्यंत त्यांची हाडं मोजता आली असती, आणि हाडकुळी शेळी नेणाऱ्या जावयाचं नाव तीन पिढ्या निघतं. म्हणून गाडी उंच करायचं ठरलं. सगळेच करतात. क्यूसोत हल्ली गाडी उंच केली नाही तर लोक विचारतात, आजारी आहे का?

हे काम एका मिस्त्रीनं केलं. मिस्त्री म्हणायचं म्हणून म्हणायचं. हा इसम कुठल्याच धंद्यात तीन महिन्यांवर टिकलेला नाही असं ऐकतो. स्प्रिंगांच्या डोक्यावर जाड ठोकळे बसवायचे, एवढंच काम. उजवीकडं त्यानं एक ठोकळा घातला आणि डावीकडं दुसरा, जो बोटभर जास्त जाड होता, कारण तोच हाताशी होता! सस्पेन्शन वाढवलं की चाकांची अलाइनमेंट नव्यानं करावी लागते, हे त्या गाढवाच्या कानावरही नव्हतं. गाडी उंच झाली, दिसायला लागली एखाद्या आमदाराची, आणि अंगणातून बाहेर पडताच डावीकडं गेली. सरळ धरली तरी डावीकडं. उजवीकडं वळवावी तर आधी थोडी उजवीकडं येऊन, विचार करून, मग डावीकडं. खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग हातातून असं हिसकायची, जणू आत बसलेलं कुणीतरी म्हणतंय, सोड, मला कळतं.

मग मी ती म्विंगीला मुन्योकीकडं नेली. त्याच्या दुकानावर पाटी आहे: 'इथे गाड्या, रेडिओ व मने सरळ करून मिळतील' (रविवारी तो प्रवचन देतो). मी सांगितलं, सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं राहतं आणि गाडी डावीकडं ओढते. मुन्योकीनं गाडीच्या खाली पाहिलं नाही, चाकांकडं पाहिलं नाही. पाना घेतला, स्टिअरिंगचं चाक उपसून काढलं, सरळ करून पुन्हा ठोकून बसवलं आणि म्हणाला, "घे, झालं सरळ."

"पण गाडी?"

"गाडीचं तू बोललास कुठं? स्टिअरिंग तिरकं आहे म्हणालास." वर सल्लाही दिला, की उजव्या बाजूला वजन ठेव, श्रद्धा ठेव. यातली श्रद्धा माझ्याकडं नव्हती, वजन होतं. आता स्टिअरिंग दिसायला सरळ आणि गाडी डावीकडं, म्हणजे आधी निदान खोटं उघड तरी होतं! (गारिसाला मी उंटांचं दूध विकायचो तेव्हा एक उंट असाच होता, तोंड एका दिशेला, पाय दुसऱ्या. पण त्याला उपजत अक्कल होती. असो.)

शनिवारी सकाळी तिन्ही शेळ्या, दोन माद्या आणि एक बोकड, मागं उजव्या अंगाला बांधल्या. खरं सांगतो, नदीपर्यंत गाडी सुतासारखी गेली. नदीही ओलांडली, पोट कुठं टेकलं नाही. मी तर गाणं म्हणायला लागलो. तेवढ्यात डावीकडं बाभळीच्या शेंगा दिसल्या आणि तिघींनी (बोकड धरून) दोर ताणून डाव्या खिडकीला तोंडं लावली. पुढं मुथुईचं घर. फाटक उजवीकडं. गाडी डावीकडं. काटेरी कुंपण फोडून मी थेट अंगणात, जिथं सात म्हातारे काठ्या टेकून माझी वाट पाहत बसले होते. दुपारला अजून तासभर होता, एवढं लक्षात घ्या.

धूळ बसल्यावर मुथुई म्हणाला, "फाटक उजवीकडं आहे रे पोरा."

"मला ठाऊक आहे बाबा. गाडीला नाही."

कुणी हसलं नाही. मुंबुआ हसली, पण ती स्वयंपाकघराच्या दारामागं मक्याची मुथोकोई ढवळत होती, तिचं हसणं हिशोबात धरत नाहीत. म्हाताऱ्यांनी डोकी एकत्र केली आणि चर्चा सुरू केली. म्हणे, फाटकातून येतो तो पाहुणा आणि कुंपणातून येतो तो चोर, मग कुंपणातून आलेल्या शेळ्या न्थेओच्या कशा? तासभर घोळ घातला! सूर्य डोक्यावर आला. एक दात नसलेला म्हातारा तर म्हणाला, "गुरुजीची मोटारसायकल सरळ चालते." मामा, या माणसांना स्वतःला सरळ चालता येत नाही, तिसरा पाय काठीचा, आणि हे गाडीला नावं ठेवणार!

मुथुई मात्र चर्चेत नव्हता. तो गाडीखाली आडवा झाला होता. चाळीस वर्षं लॉरी चालवलेला माणूस, खालून नुसता आवाज येत होता: "अरेरे... अरे देवा... हे कुणी केलं?" बाहेर येऊन मला म्हणाला, "कंबर उंच केलीत आणि हात तेवढेच ठेवलेत. चाकं वळवणारे टायरॉड तिरपे झाले, पुढची चाकं बदकाच्या पायांसारखी फाकलीत. टायर बघ, आतल्या कडेनं सोललाय. आणि ठोकळे दोन मापांचे! कोणत्या गाढवानं बसवले हे?"

"एक होता," मी म्हणालो.

त्यानं शेळ्या सोडल्या, त्यांचाच घायपाताचा दोर मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणला, ठोकळे काढून लाकूड तासून सारखे केले, टायरॉड दोन्हीकडं सारखे फिरवले, पुन्हा दोर ताणला. तासाभराचं काम. दुपार उलटली, पण मुदत देणाराच गाडीखाली होता, तेव्हा ती कोण मोजणार? मग शेळ्या स्वतः आत चढवल्या, गाडी कुंपणाच्या भोकातून बाहेर काढली, रस्त्यावर लांब नेली, वळवली आणि दोन्ही हात खिडकीबाहेर काढून सरळ, सरळ, मामा, फाटकातून आत आणली.

सातही म्हातारे उठून उभे राहिले. दात नसलेल्यानं निकाल दिला: "फाटकातून आलं ते न्थेओ." मी आनंदानं उडी मारली. मुथुई गाडीतून उतरला नाही. म्हणाला, "ऐकलंस ना? फाटकातून आलं ते. शेळ्याही आणि ज्यातून आल्या तीही."

मी तोंड उघडं टाकून गाडीकडं बघत राहिलो. मुंबुआ पळी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्याकडं एकदा तरी असं बघितलं होतंस?" तेव्हा मी तोंड मिटलं.

तर सोयरीक पक्की झाली. आशीर्वाद असावा. मामींना आणि मुलांना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक
क्यालो

ता. क. १: गाडीची मालकीची कागदपत्रं तुमच्या ट्रंकेत असतील. गाडी मुथुईच्या नावावर करून त्यावर सही द्यावी, एवढीच विनंती. सही झाली नाही तर शेळ्या परत करू म्हणतात, पण दोनच. बोकड खाल्ला.

ता. क. २: त्या पहिल्या मिस्त्रीचं नाव विचारून त्याला हुडकायला निघू नका. तो मी होतो.

ता. क. ३: हे पत्र ज्या गृहस्थांनी आणून दिलं तेच मुथुई. गाडी बाहेर उभी आहेच, खिडकीतून बघा, किती सरळ उभी आहे. सही होईपर्यंत ते उठणार नाहीत, तेव्हा चहा टाका. वर मी म्हाताऱ्यांविषयी चार शब्द लिहिलेत, ते त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. मामा, तुम्हाला पत्रं मोठ्यानं वाचायची सवय आहे, हे आत्ता आठवलं. इथवर आला असाल तर त्यांनाही माझा कमरेत वाकून नमस्कार सांगा.