रोजचा किल्ट

क्रीफ, स्कॉटलंड,
९ मार्च, रविवार

चिरंजीव ग्रेगर,

बापाचा आशीर्वाद. गुडघा सोडला तर माझं बरं चाललंय. थंडी अजून हटायचं नाव घेत नाही. शेजारच्या गिल्क्रिस्टबाई परवा म्हणाल्या, "पोरगा लग्न करतोय म्हणे, आणि आम्हाला ते बाहेरून कळतं." मी म्हटलं, हल्ली मलाही बाहेरूनच कळतं.

पत्रिका मिळाली. कागद चांगला जाड आहे. आतली चिठ्ठीही वाचली. सगळ्या पुरुषांसाठी एकसारखे राखाडी किल्ट, आपले ते गुडघ्यापर्यंतचे चुणीदार लोकरी घागरे, भाड्याने आणणार आहात. मी माझा रोजचा घालायचा नाही, फोटोत विटका दिसतो. मी कमरेचं माप कळवायचं, म्हणजे बाप येतोय असं तुम्ही धरणार. तर ऐक.

लोकांना नेमका तो 'रोजचा'च खुपतो. लग्नात घातला तर रुबाब, रग्बीच्या मॅचला घातला तर अभिमान, आणि मंगळवारी बटाटे आणायला घातला तर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. उभा जन्म मी बस कंपनीची निळी पँट घालून गाडी हाकली. रिटायर झालो त्या दिवशी ती काढली आणि किल्ट चढवला. मला तो उबदार वाटतो, बरा वाटतो, बस. यात कुणाच्या बापाचं काय गेलं?

टॅम खाटीक दर खेपेला विचारतो, "काय अ‍ॅलिस्टरदादा, आज कुणाचं लग्न?" मी म्हणतो, "तुझ्या त्या टांगलेल्या मेंढीचं." बाहेरगावचे लोक मला थांबवून फोटो काढतात आणि वर विचारतात, "तुमचा तो बॅगपाइपचा बाजा कुठाय?" मी गुडघ्याचं मलम आणायला निघालेलो असतो. माझ्याच जुन्या बसवरचा नवा ड्रायव्हर रोज म्हणतो, "आजोबा, वारा सुटलाय हं, सांभाळा." आणि किल्टच्या आत काही घालत नाहीत म्हणतात, म्हणून तो एक प्रश्न आहेच, आत काय घातलंय? रस्त्यात एखाद्या बाईला असं विचारलं तर लोक मुस्काटात देतील. मला विचारतात तेव्हा सगळे हसतात, आणि मीही हसायचं असतं. इतकी वर्षं हसत आलो.

पर्थच्या त्या शनिवाराबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलो होतो. पण तू फोनवर म्हणालास, "बाबा, तुम्ही हल्ली येत नाही, गुडघ्याचं निमित्त सांगता." निमित्तच आहे ते.

किर्स्टीच्या मैत्रिणींची ओळख करून देतो म्हणून तू मला दुपारी पबमध्ये बोलावलंस. मी किल्टला इस्त्री केली, बूट घासले. सूनबाईकडची माणसं, नीट दिसावं म्हणून. किर्स्टी ग्लास आणायला गेली तेवढ्यात तिच्या मैत्रिणींपैकी त्या छातीवर गुलाबी पट्टा लावलेल्या पोरीने मागून दोन्ही हातांनी किल्ट पार कमरेपर्यंत वर केला. दुसरीने फोन धरला होता. अख्खा पब ओरडला. मी धडपडत खाली ओढायला गेलो, तर माझी बिअर माझ्याच अंगावर सांडली. "अहो काका, चेष्टा हो, चेष्टा," ती म्हणाली. त्या पोरीचं मला काही वाटलं नाही. ती परकी.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू हसत होतास. कसनुसं नाही, चांगलं खदखदून. वर म्हणालास, "बाबा, किल्ट घातला की हे व्हायचंच. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं."

मी लावून घेतलं. बसमध्ये मांडीवर कोट घेऊन बसलो, आणि त्यानंतर आठवडाभर घराबाहेर पडलो नाही. या गावात मला माझ्या अंगावरच्या कपड्याची लाज कधी वाटली नव्हती, ती तू वाटायला लावलीस.

तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. हा किल्ट तुझ्या आईने हाताने शिवलाय. दोन्ही कडांना आत जास्तीचं कापड दुमडून ठेवलं होतं. शीना म्हणायची, "ग्रेगर अंगाने भरला की त्याला सैल करून देऊ, लग्नात हाच घालेल." मी तो तेवढ्यासाठी जपून वापरत होतो. तुझी चिठ्ठी आली त्या दिवशी ते कापड उसवलं आणि माझ्याच कमरेला सैल करून घेतलं. पोट सुटलंय माझं.

लग्नाला येतो. बाप असून न येणं मला जमणार नाही, आणि किर्स्टीने माझं काही वाकडं केलेलं नाही. पण माप पाठवत नाही. कंपनीची निळी पँट कपाटात आहे, तीच घालेन. एका दिवसापुरते तुम्ही सगळे किल्टमध्ये मिरवा. त्या दिवशी कुणाचा कुणी वर करणार नाही, बघ.

फोटोत पँट घातलेला एकच माणूस दिसेल. हा कोण म्हणून कुणी विचारलं, तर न हसता सांग.

तुझा बाप,
अ‍ॅलिस्टर