डावं मागचं चाक

बाबा,

तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. मी व्हॅन आणायला जातेय, पण कालची ती लाल नाही. चालवून बघताना तुम्ही तिच्यात डोळे मिटून बसलात आणि म्हणालात, "डावं मागचं चाक रडतंय." विकणारा हसला, आणि खरं सांगते, मीही हसले. रंगावर भाळले होते ना! तरी घेण्याआधी तपासायला दिली होती, आत्ता गॅरेजवाल्याचा फोन आला. त्याने ते चाक उघडलं, तर बेअरिंगचा पार भुगा. ज्याने चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढली, त्या माणसावर मी दीडशहाणी हसले. कान पकडते.

आता ती जुनी पांढरी घेतेय, "दिसायला बावळट, पण खोटं बोलत नाही" म्हणालात ती. तिची पायरीही बुटकी आहे, तुमच्या काठीनेच मोजलीय.

चहा थर्मासमध्ये आहे. चारला डोळ्यांत थेंब घाला, मी घरात नाही म्हणून टाळू नका.

गेल्या महिन्यात तुम्ही जुन्या गाडीची किल्ली मुकाट्याने माझ्या हातात ठेवलीत. त्याचं उत्तर आज देते. स्टिअरिंगवर मी बसेन, पण शेजारची सीट तुमचीच. रस्ता मी बघते, गाडी तुम्ही ऐका.

तुमची दीडशहाणी