भोंगा झाल्याशिवाय टोपी नाही

ता. ९, सोमवार
माहीमला जायचं होतं. होड्या रंगवतायत म्हणे, बघायचं होतं. वहिनीने दारातच अडवलं. "भावोजी, तुमचे दादा सत्याग्रह करून आत बसले. मी खानावळीचे डबे करू की पोर बघू? तुम्ही काय, मोकळेच." मोकळेच! शाळा सोडल्यापासून हेच ऐकतोय.
बेबी चार वर्षांची. दादाचा सदरा पायघोळ, डोक्यावर त्याची गिरणीची टोपी, तूस लागलेली. दोन पाट उभे केले, ते साचे, म्हणजे गिरणीतले माग. मधे स्वतः उभी. मला वहिनी केलं, डोक्यावर पंच्याचा पदर. शेजारचे तात्या हसून हसून खोकले.

ता. १०, मंगळवार
खेळ संपतच नाही. तीनचा भोंगा झाला की टोपी खुंटीला, हातपाय धुणार, मग जेवणार. दादा करतो तस्सं. तोवर घास नाही. म्हटलं, बये, अ आ तरी गिरव. तर म्हणे, "आता नको, धागा तुटलाय." बोटं ओली केली, पाटांवरच्या दोऱ्याला पीळ दिला, मारली गाठ. खरीखुरी विणकराची! बापाच्या मांडीवर बसून बघितली असणार. मला दादाने दहादा दाखवली, जमली नाही. साचेखात्यात दोन दिवस टिकलो.

ता. १२, गुरुवार
हरताळ. गिरण्या बंद. म्हणजे भोंगाही बंद, हे डोक्यातच आलं नाही.
तीन वाजले, चार वाजले. बेबी पाटांमधे उभी. "गिरणी सुटली नाय." पाचला डोळे मिटायला लागले, तरी बसेना. वहिनी रडकुंडीला. शेवटी चुलीची फुंकणी घेतली, रिकाम्या पिंपात घातली नि छाती फुटेस्तोवर फुंकली.
बेबीने टोपी काढली. पण अख्खी चाळ गॅलरीत! तात्या काठी घेऊन, "कोण रे हरताळ फोडता? खंयची गिरण सुरू झाली?" मागे दहाबारा जण. आणि दारात मी, डोक्यावर पदर, हातात फुंकणी.
"तात्या, मीच."
"बाबल्या! भाव तुझो जेलात, नि तू हय भोंगो वाजवतंस?"
बेबी जेवली. माझी भूक मेली.

ता. १४, शनिवार
वैताग. आज शिवडीला सटकणारच होतो, बोटी बघायला. बेबीने पुन्हा पदर दिला. खोटंखोटं जेवण वाढलं तिला, नि चिडून वहिनीच्या आवाजात म्हटलं, "तुमचा भाऊ नुसता हुंदडतो. काढा घराबाहेर."
बेबीने तांब्या खाली ठेवला. मान वर न करता, हुबेहूब दादा, "असू दे गं. भूक लागली की येतो ना घरी? कडी लावू नकोस."
हे हिने ऐकलं कधी? दादा माझ्याशी तर धड...
शिवडी राहिली.

ता. १७, मंगळवार
दादा सुटला. दुपारी दोनलाच दारात उभा, दाढी वाढलेली, सदऱ्यात नुसती हाडं. बेबीने ओळखलं. हसली. पण पाटांमधून हलेना.
"टोपी दे, बाय."
"गिरणी सुटली नाय."
वहिनी ओरडली तिच्यावर. दादा म्हणाला, "असू दे गं. मला कुठे लागतेय. गिरणीत जाऊनच आलो. हजेरीतून नाव कापलंय."
वाढलेली ताटं तशीच. दादा पाटाशी बसला, पोरीच्या गाठी बघत. मग मला म्हणाला, "बाबल्या, तुला भोंगा वाजवता येतो म्हणे."
फुंकणी मांडीवर घेऊन हे खरडतोय. फुंकली की टोपी खुंटीला. उद्या सकाळी गिरणीच्या गेटावर बदलीवाल्यांची, रोजच्या रोज काम मागणाऱ्यांची रांग, नि टोपी घालून तिथे उभं राहायला घरात मी एकटाच. गाठ अजून येत नाही.
बेबीला म्हटलं, ये इकडे, पुन्हा एकदा मारून दाखव.
"हळू मारते हां, काका. नीट बघ."